छावणीची कॅसेट आणि इतर मिळकत

दि. १७ एप्रिल २०१६, रविवार. मुक्काम दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड.

सकाळी टँकर आला, पाणी भरून घेतले. अकराच्या गाडीने बन्सी वाघमारे बीडहून आले. त्यांच्याबरोबर नेकनूरचे बिभीषण शिनगारे होते. दोन साक्षीदार लागतात म्हणून बन्सींनी त्यांना आणले. मी बोलावले नव्हते. भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असे जेवण झाले. आता दुपार कलली आहे आणि सकाळी लिहिलेला कागद फाडून मी हा दुसरा लिहीत आहे. कारण सहाव्या कलमात येईल.

मी, शिवकन्या मोहनराव थावरे, वय एकसष्ट, निवृत्त आरोग्य सेविका, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा लावल्यावर नीट दिसते आणि रक्तदाबाची गोळी मी चुकवत नाही. मला कुणी धमकावलेले नाही, कुणी गोड बोलून भुलवलेलेही नाही. माझे पती मोहनराव दूध संघाच्या शीतकरण केंद्रात ऑपरेटर होते. ते या जानेवारीत वारले. त्यांच्यामागे जे माझ्याकडे आले आणि जे मी नोकरीतून केले, त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे करते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा भारत याला द्यावे. तो पुण्याला नोकरी करतो, इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. ओट्यावर जी सागवानी फळी बसवलेली आहे ती मात्र विकण्याआधी काढून बन्सी वाघमारे यांना द्यावी. ती मोहनरावांनी आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बसवली. बन्सी तेव्हा संघाच्या दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि गाणी ऐकायला यायचे. माझ्या सासूबाई जाईबाई त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हत्या. मोहनराव आईशी भांडले नाहीत. त्यांनी सुतार बोलावला, ओट्यावर फळी ठोकली, टेपरेकॉर्डर बाहेर नेला आणि स्वतःही तिथेच बसू लागले. पावसाळ्यातसुद्धा घरात टेप लागला नाही. एका वर्षी लई गारठा पडला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "आरं, त्या बन्सीला घेऊन आत बस, तुझ्या खोकल्यानं मला झोप न्हाई." मोहनराव म्हणाले, "आता फळी ठोकलीय." पुढे बन्सी आत जेवू लागले, पण ऐकायचे बाहेरच.

२. शेत भारतला. विहिरीला या वर्षी पाणी नाही. ती अजून खोल करण्याच्या भानगडीत त्याने पडू नये.

३. पोस्टातली ठेव भारतच्या मुलीच्या शिक्षणाला. माझ्या पाटल्या सुनेला. बोरमाळ माझी मोठी बहीण तुळजाबाई हिला द्यावी. ती माझ्याआधी गेली तर तिच्या लेकीला. बोरमाळ आईची आहे आणि आईने ती मला दिली म्हणून बहिणीने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. तिचे म्हणणे रास्त होते, थोरली तीच.

४. मोहनरावांची हत्यारे, म्हणजे पाने, स्क्रू ड्रायव्हर, दूध तपासायचा लॅक्टोमीटर आणि टेपचे हेड पुसायच्या स्पिरिटची बाटली, गावातल्या ज्या कुणाला खरोखर लागतात त्याला द्यावीत. दूध संघाच्या शेवटच्या चेअरमनचा पुतण्या मागायला आला तर देऊ नयेत. संघ बंद पडला तेव्हा केंद्रातली चालू मशीनरी भंगार म्हणून त्याने उचलली. मोहनराव तेव्हा दारात उभे होते आणि काही बोलले नाहीत. मी लिहून ठेवते.

५. टेपरेकॉर्डर आणि सगळ्या कॅसेटी. यांच्याबद्दल भारतचे म्हणणे असे, की ही सगळी गाणी आता मोबाईलवर मिळतात, या डब्या कशाला जपायच्या. गाण्यांबद्दल तो बरोबर आहे. त्याला बाकीचे माहीत नाही म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बिभीषण नेकनूरच्या सोसायटीत सेक्रेटरी होते. त्यांचा मावसभाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. तो इंग्रजी बँडच्या कॅसेटी पाठवायचा, गिटार आणि ढोलवाल्या. बिभीषण त्या दुधाच्या गाडीत बन्सींजवळ द्यायचे, बन्सी बीडला घरी ऐकून दिंद्रुडला आणायचे, मोहनराव त्यांची नक्कल उतरवून घ्यायचे आणि मूळ कॅसेट परत गाडीतून जायची. एका घरात आठ दिवसांच्या वर कॅसेट ठेवायची नाही असा नियम होता. इंग्रजी तिघांनाही बेताचेच. नावे ध्यानात राहायची नाहीत म्हणून त्यांनी आपली नावे पाडली होती. एका कॅसेटीला ते गिरणी म्हणायचे, कारण तिच्यातली गिटार पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची.

दुसरा नियम शेऱ्याचा. नक्कल भरून झाली की शेवटी थोडी फीत कोरी उरते. तिच्यावर प्रत्येकाने आपला शेरा बोलून पुढे पाठवायचा. मोहनराव घरात फार बोलणारे नव्हते, मीही नाही. शेऱ्यात मात्र ते बोलायचे. एकात म्हणाले आहेत, "बन्सी, ह्या ढोलवाल्याचा पगार थकलेला दिसतो. लई राग काढलाय बे." त्याच्यामागे बिभीषणचे उत्तर आहे, "पगार न्हाई, सोयरीक मोडली असन. पगारासाठी माणूस इतकं बडवत न्हाई." मी स्वयंपाकघरातून हे सगळे ऐकत असे. दुकानातल्या कॅसेटीच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी मोडलेली असते, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरले जात नाही. या तिघांत ती पट्टी मोडायची नाही असे ठरले होते. मोडली तर शेरा कशावर बोलणार?

६. छावणीची कॅसेट.

मोहनराव आणि बन्सी एकदा संघाच्या टँकरबरोबर पुण्याला गेले होते. तिथे एका कॉलेजच्या मैदानावर मुंबईच्या पोरांचा बँड वाजणार होता. पोस्टर अर्धे फाटलेले होते, त्यामुळे बँडचे नाव यांना कधीच कळले नाही. दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटमध्ये टेपरेकॉर्डर लपवून त्यांनी तो कार्यक्रम भरून आणला. पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच एकट्या ढोलाचा मोठा तुकडा होता आणि त्यात बन्सींची शिट्टी होती. अशी कॅसेट दुसऱ्या कुणाजवळ असणे शक्य नव्हते. मोहनरावांनी ती आधी बिभीषणला ऐकायला पाठवली. नक्कल नंतर काढू म्हणाले.

ते दुष्काळाचे वर्ष होते. नेकनूरच्या सोसायटीने जनावरांसाठी चारा छावणी काढली आणि वाड्यावस्त्यांवर जीप फिरवून कळवायचे ठरले. बिभीषणने घोषणा टेपवर भरायला घेतली. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून या कॅसेटीच्या शेवटी शेऱ्यासाठी उरलेल्या फितीवर ते बोलणार होते. कॅसेट उलटी बसली. जीपमध्ये पुन्हा पुन्हा मागे फिरवावी लागू नये म्हणून तीच घोषणा ते एकामागे एक बोलत राहिले. ढोल गेला, शिट्टी गेली. पट्टी मोडलेली असती तर हे झाले नसते.

मोहनराव त्यानंतर बिभीषणशी समोरासमोर कधीच बोलले नाहीत. कॅसेटी मात्र संघाची गाडी बंद होईपर्यंत जात-येत राहिल्या. बिभीषण प्रत्येक शेऱ्यात माफी मागायचे आणि मोहनराव उत्तरात फक्त गिटारबद्दल बोलायचे. माझे माहेर नेकनूरजवळच्या वाडीचे. ती जीप आमच्या वाडीवर गेली, वडिलांनी घोषणा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी दोन म्हशी छावणीत नेल्या. म्हशी जगल्या. हे मी मोहनरावांना एकदा बोलले. ते म्हणाले, "म्हशी वाचल्या हे खरं हाय. पण ढोल गेला त्याचं काय?"

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्यांनी मला सांगितले, "छावणीची बिभीषणला द्यायची न्हाई. बाकी कुनालाबी दे." म्हणून सकाळच्या कागदात मी तसेच लिहिले होते: सर्व कॅसेटी बन्सी यांना, पैकी छावणीची कॅसेट त्यांनी बिभीषण शिनगारे यांच्या हाती जाऊ देऊ नये.

जेवणानंतर तो कागद मी दोघांना वाचून दाखवला. साक्षीदाराला आत काय लिहिले ते ऐकवायलाच पाहिजे असे काही नसते, पण त्यांना नुसती सही करायला सांगणे मला बरे वाटेना. वाचताना मी बिभीषणकडे पाहिले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातले पेन काढले आणि म्हणाले, "बराबर हाय. मोहनरावच्या शब्दाभाईर जायचं न्हाई. कुठं सही करू, ताई?" माझ्या माहेराकडचे म्हणून ते मला ताई म्हणतात.

बन्सींना राग आला. "येडा हायेस का बे? तुला देऊ नका म्हनून लिव्हलंय, आन् साक्षीदार तूच?"

"मंग कोन? त्या कॅसेटीचं माझ्याइतकं ठावं कुनाला हाय?"

बिभीषणने पेनाचे टोपण काढले आणि तसेच हातात धरून विचारले, "सही करतो, ताई. पन त्याच्याआधी एक बार ऐकू का? मी भरली ती भरली, पुन्हा कदी ऐकली न्हाई."

जानेवारीपासून मी एकही कॅसेट लावली नव्हती. घरात त्या होत्या एवढे मला पुरत होते. आठ दिवसांचा नियम मला ठाऊक होता आणि मी तो मोडत होते. टेपरेकॉर्डर फळीवरच होता. तिघे ओट्यावर बसलो. आधी घोषणा लागली, तरुण आवाजातली: "समस्त शेतकऱ्यांस कळविण्यात येते की, उद्यापासून सोसायटीची चारा छावणी सुरू होत आहे. जनावराचे दावे ज्याने त्याने आणावे." तीच पुन्हा, पुन्हा तीच. मग एकदम गिटार आणि मैदानावरचा कल्ला. दुसऱ्या बाजूच्या शेवटी मोहनरावांचा शेरा आहे. तो मी तेव्हाही ऐकला होता. "बिभीषण, छावणी चांगली चालली म्हनं. आवाज बी तुजा खनखनीत हाय. पन ही कॅसेट आता माझ्यापाशीच ऱ्हाईल." आवाज त्यांचा चांगला स्पष्ट आला आहे.

बिभीषण म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ताई. ऐकली. बास."

त्यानंतर मी कागद फाडला. माझा निर्णय माझ्या पतीच्या इच्छेविरुद्ध आहे हे मला समजते आणि तो मी स्वतःच्या जबाबदारीवर घेते. त्यांचे नुकसान खरे होते आणि त्यांचा राग खरा होता. तो ज्याचा होता त्याच्याबरोबर गेला. घर, शेत, हत्यारे माझ्याकडे वारसाने आली. हा राग आला असे मी मानत नाही.

तरी छावणीची कॅसेट प्रथम बिभीषण शिनगारे यांना द्यावी. आठ दिवसांनी त्यांनी ती बन्सींना द्यावी. इतर सर्व कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर बन्सींकडे राहतील आणि बीड, नेकनूर किंवा कुठल्याही गावचा, अशा गाण्यांची आवड असलेला माणूस मागेल त्याला त्यांनी कॅसेट आठ दिवसांसाठी द्यावी. गाडी आता नाही, एसटीने जावे-यावे. जागा उरली असेल तर शेरा बोलावा. पट्टी मोडू नये. कुणाला मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचे असेल तर घ्यावे, पण शेऱ्यांसकट. यांच्यावर मालकी कुणाचीच नाही, म्हणून भारतने यांच्यावर हक्क सांगू नये. त्याला वडिलांचा आवाज हवा असेल तर त्यानेही इतरांसारखी आठ दिवसांसाठी मागून न्यावी.

बिभीषण सत्तरीला आले आहेत, बन्सीही फार मागे नाहीत. माझ्या मरणाची वाट पाहून या कॅसेटींचे भले होणार नाही. म्हणून हे एक कलम आजच अमलात आणते आणि तसे झाल्याची नोंद इथे करते.

ज्याला काही मिळते त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये असे बीडच्या वकिलांनी मला बजावले होते. सकाळी ते माझ्या ध्यानातून गेले होते. आता सांगितले तेव्हा बिभीषणने टोपण लावून पेन खिशात टाकले. बन्सी म्हणाले, "घ्या. आता ह्या उन्हात साक्षीदार हुडकायला मीच." शेजारच्या साखराबाई आणि गिरणीवाले भगवानराव यांना ते घेऊन आले.

७. माझ्यामागे दहाव्याला मोठे जेवण घालू नये. पाण्याची अडचण असेल तर कुणाला बोलावूच नये.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांदेखत पुन्हा वाचले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: शिवकन्या मोहनराव थावरे (सही)

साक्षीदार:
१. साखराबाई दगडू कटारे, रा. दिंद्रुड (सही)
२. भगवानराव रंगनाथ ठोंबरे, रा. दिंद्रुड (सही)

ठिकाण: दिंद्रुड. दि. १७ एप्रिल २०१६.

सह्यांनंतरची नोंद, मृत्युपत्राचा भाग नाही: दोघे पाचच्या गाडीने गेले. बन्सींनी दोन पिशव्या नेल्या, टेपरेकॉर्डर पोत्यात बांधून घेतला. बिभीषणने आपली कॅसेट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. भगवानराव चहा न घेताच गेले, गिरणी उघडी होती. साखराबाई थोडा वेळ बसल्या. त्या गेल्यावर मी सूप घेऊन उद्याची डाळ निवडायला बसले. एकटीपुरती होती, लवकर झाली.