डाव्या सीटखालचा ब्रेक

९ जाने. २००६, सोम.
गेले एकदाची. मोटर मेकॅनिकचा सकाळचा वर्ग. सगळी पोरं आणि मी एकटी साडीत. सर हजेरी घेताना माझ्यापाशी थांबले. "मॅडम, टायपिंगचा वर्ग वरच्या मजल्यावर हाय." म्हटलं, टायपिंग येतंय मला, त्यावरच घर चाललंय. हेच शिकायला आलेय. मागनं कोणतरी खिदळलं. खिदळू दे.
घरी सांगितलंय, कंपनीचं ट्रेनिंग आहे, राजारामपुरीत. ह्यांना खरं माहितंय. "कर बाई, पण अव्वाला कळू देऊ नकोस." सून म्हणून अव्वाला सांगायचं धाडस माझ्यात नाही, आणि लेक म्हणून ह्यांच्यातही नाही. जोडा चांगला जमलाय.
दुपारी दोनला परत आपली वरची खोली. हेडफोन, पायाखाली पेडल, कानात अमेरिकेतले डॉक्टर. ते पेशंटचं रेकॉर्ड करून पाठवतात, मी ऐकून टाईप करते. रात्री जेवायला खाली.

१७ जाने., मंगळ.
कार्बोरेटर खोलला. परत जोडला तर एक स्क्रू उरला. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा घरी नेणार काय? मी पण हसले, काय करणार.
नखांतलं काळं जात नाही. रॉकेल, मग निरमा, मग लिंबू. तरी अव्वानं विचारलंच, "रॉकेलचा वास येतोय गं तुला?" म्हटलं, ट्रेनिंगच्या तिथं स्टोव्हवर चहा करतात. सरळ सांगून टाकलं, जीभ अडखळली पण नाही. स्वतःचीच भीती वाटली.
वाईट एकच. माझं ट्रेनिंग म्हणून अव्वा पहाटे उठून चहा करून ठेवते. गुडघे धरून उठते. "उपाशीपोटी जाऊ नको," म्हणते. मी पिते आणि जाते.

२८ जाने., शनि.
जाधवकाकूंच्या गाडीत बसले आज. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल, मालक गेल्यापासून त्याच चालवतात. त्यांचे मास्तर मार्चअखेर दुबईला निघालेत. नवा माणूस लायसन्सवाला पाहिजे, आणि त्याला मेकॅनिकचा कोर्स लागतो, म्हणून तर माझा हा खटाटोप. गाडी चालवायचं लायसन्स माझं कॉलेजपासूनचं. माहेरी बाबांची जीप मीच चालवायची. इथं आल्यावर स्टिअरिंगला हात नाही.
डाव्या सीटखाली दुसरा क्लच, दुसरा ब्रेक. मी तिथं, मास्तर मागं. शिकायला एक शाळेतल्या बाई. दसरा चौकात समोरनं बस आली की डोळे गच्च मिटायच्या! "बाई, डोळे उघडा की!" "न्हाय गं बाई, तूच बघ!" माझा पाय ब्रेकवर गेलाच. काकू खिडकीतनं सांगून गेल्या होत्या, "पाय ठेव, पण दाबू नको. तू दाबलंस की ती शिकत न्हाय." नाही दाबला. कसा रोखला ते माझं मला ठाऊक.
रंकाळ्याच्या वळणावर बाईंनी एकटीनं गिअर बदलला आणि ओरडल्या, "आला की!" आम्ही तिघंही ओरडलो. गाल दुखेपर्यंत हसले. चार वर्षं भिंतीकडं तोंड करून बसलेय, विसरलेच होते मी, माझा आवाज एवढा मोठा आहे.
काकू म्हणाल्या, एप्रिलपासून ये. बायकांची बॅच तुझी.

६ फेब्रु., सोम.
पुण्याहून रश्मीचा फोन. माझी बॉस, पोरगी माझ्याहून लहान. अभिनंदन म्हणे. एडिटर करतायत. पगार चांगलाच वाढणार, काम घरातनंच. पण सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. म्हटलं, मला दुपारचीच शिफ्ट राहू दे. म्हणाली, एप्रिलपासून दुपारची शिफ्टच बंद होतीय. एडिटर नको तर फाईलवारी घे. आली फाईल तर पैसे, नाही आली तर नाही. सहा मार्चपर्यंत कळव.
माझा बेत काय होता? सकाळी गाडी, दुपारी डॉक्टर. दोन्ही. आता दोन्ही नाही.
फाईलवारीवर वरच्या मजल्याचा हप्ता निघत नाही. मजला माझ्या पगारावर चढलाय, प्लास्टर अजून बाकी.
आणि ह्यांनी जेवताना सांगून टाकलं! एडिटरचं तेवढंच, बाकीचं गिळलं. अव्वाचा चेहरा फुलला. लगेच दारातनं शेजारणीला, "आमची लीला साहेब झाली! घरातनं पाय बाहेर टाकायला नको, आणि पगार बघ!" धाकटे भाऊजी म्हणाले, "वैनी, पार्टी पायजे." मी वाढत राहिले. आमटी सांडली.

११ फेब्रु., शनि.
वर्गात लक्ष नाही. क्लच प्लेट उलटी बसवली. दुपारी फाईलमध्ये दोन ओळी गाळल्या, रश्मीची मेल आली. इकडं पण चूक, तिकडं पण चूक.
अव्वाला सांगायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती तीळ निवडत बसलेली. "काय गं?" "काय न्हाय," म्हटलं. परत आले. भित्री कुठली.

१९ फेब्रु., रवि.
जोतिबाला गेलतो. घराखालच्या आमच्या दुकानाची जीप, भाऊजी चालवायला. ह्यांना स्कूटरपलीकडं काही येत नाही. अव्वा पुढं.
घाटात बॉनेटमधनं वाफ. गाडी थांबली. मागनं हॉर्नवर हॉर्न. भाऊजी तावातावानं उतरले, फडकं घेतलं, बॉनेट उघडलं. मी मागच्या सीटवर. मला कळलं ते काय करणार. गप्प बसायचं म्हटलं असतं तर बसता आलं असतं.
"भाऊजी, टोपण उघडू नका! रेडिएटर तापलाय, भाजेल!"
"वैनी, तुमी ते कानात घालून बसा की. हितलं काय कळतंय तुमास्नी?"
उघडलंच. उकळतं पाणी सरळ हातावर. केवढ्यानं ओरडले. मी उडी मारून उतरले, कॅनमधलं गार पाणी हातावर ओतत राहिले. हे नुसते "अरे अरे" करत उभे. मग गाडी निवेपर्यंत थांबले, पाईपला चीर होती, मागून एक सायकलवाला आला त्याच्याकडनं ट्यूबचा तुकडा घेऊन गच्च गुंडाळला. पाणी भरलं. आता चालवणार कोण? मीच बसले. वर दवाखान्यात नेलं, भाऊजींच्या हाताला पट्टी केली.
अव्वा शेजारी. देवळाच्या कमानीपाशी म्हणाली, "हे कुठं शिकलीस?"
"ट्रेनिंगमध्ये."
"कसल्या?"
"गाडीच्या, अव्वा."
गुलाल लावताना तिनं सगळ्यांना लावला. मला पण लावला. हात मात्र कपाळाला टेकला नाही नीट.

२० फेब्रु., सोम.
सगळं सांगितलं. वर्ग, जाधवकाकू, एप्रिल, दुपारची शिफ्ट बंद होतीय ते. अव्वा ऐकत होती. मला वाटलेलं बोलेल, चारचौघांत बाई गाडी शिकवणार काय, पावणं काय म्हणतील. तसलं काहीच नाही.
"रोज सकाळी माझ्या हातचा च्या पिऊन लबाड बोललीस."
मी पुढं बोलायला गेले तर "साकु" म्हणाली. पुरे. ती फार दुखावली की कन्नडवर जाते. माहेरची भाषा. मग आत गेली.
मला रडू आलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ फेब्रु., गुरु.
तीन दिवस झाले, पहाटे स्वयंपाकघरात अंधार. माझा चहा मी करते.
ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. "पुण्याचं घे की! घरात हायस, पगार वाढतोय, आणखी काय पायजे माणसाला?"
"माणूस पायजे! दिवसभरात एक तरी माणूस समोर दिसायला पायजे मला!"
आवाज खाली दुकानापर्यंत गेला असणार. हे हळूच, "प्लास्टर मग कोण करणार, जाधवकाकू?"
तेच तर. म्हणून जास्त राग आला. जेवले नाही.

१ मार्च, बुध.
भाऊजींचा हात सुधारतोय. दुकानात येईल त्याला सांगतात, "आमची वैनी मेकॅनिक हाय, आता पंक्चर पण काढणार." गिऱ्हाईक हसतात, शाहूपुरीभर झालंय. आज वर आले, दारात घुटमळले. "वैनी, तो जीपचा पाईप... कुठला आणू?" सांगितलं. "उघडताना मला बोलवा," म्हटलं. "व्हय व्हय," म्हणाले, पळाले.
रश्मीची आठवण करून देणारी मेल. सहा तारीख. काकूंचा निरोप, मला पण सहालाच सांग, नाहीतर दुसरा माणूस बघते. सगळ्यांना एकच दिवस सापडलाय. सातला माझी कोर्सची परीक्षा.

४ मार्च, शनि.
अव्वा बोलली! भिंतीकडं बघून, पण बोलली. नेसरीचा तिचा भाऊ अंगणात पडलाय, खाटेवर आहे. "उद्या जायला पायजे. एसटीत गुडघं दुखत्यात. ह्याचा हात असा. जीप कोण काढणार?"
ह्यांनी माझ्याकडं बघितलं. भाऊजींनी छताकडं.
"मी काढते," म्हटलं.
"बघ," म्हणाली.

५ मार्च, रवि.
नेसरी. जाताना आम्ही दोघीच. हे येतो म्हणत होते, अव्वानंच नको म्हटलं.
निपाणीच्या अलीकडं ट्रक आडवा आला तेव्हा माझं लक्ष गेलं. अव्वाचा उजवा पाय. चपलेसकट फळीवर रोवलेला. पुढं वळण आलं की दाबायची. म्हैस आली की दाबायची. काकूंच्या गाडीत जिथं ब्रेक असतो, बरोबर तिथं.
"अव्वा, तिथं ब्रेक न्हाय."
"ठाऊक हाय."
"मग दाबतीस कशाला?"
"दाबल्याशिवाय ऱ्हावत न्हाय." आणि थोड्या वेळानं, "तुला येतंय गं चालवायला. त्याच्यापेक्षा बरं चालवतीस." म्हणजे भाऊजींपेक्षा.
मामांनी खाटेवरनंच विचारलं, "सूनबाई काय करती आता?" हे उत्तर अव्वाचं पाठ. घरात बसून कॉम्प्युटरवर करती, उंबरा ओलांडत न्हाय. मी तेच ऐकायची तयारी केलेली. अव्वा म्हणाली, "तिलाच इचार की." म्हटलं, अजून ठरायचंय मामा.
येताना गडहिंग्लज सोडल्यावर अव्वा एकदम फुटली. "लबाड कशाला बोललीस? मी नको म्हटलं असतं."
"म्हणून तर."
"मी नको म्हटलं असतं तर तू भांडली असतीस. भांडायचं होतंस की! नवऱ्याशी भांडतीस घर डोक्यावर घेऊन, माझ्याशी भांडायला काय झालतं? मी काय परकी हाय?"
मी गाडी कडेला घेतली. डोळ्यांतल्या पाण्यातनं दिसेना मला रस्ता. अव्वानं पदरानं काच पुसली, काच स्वच्छच होती. "चल आता," म्हणाली, "अंधार पडंल."
तिनं होही म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

६ मार्च, सोम.
पहाटे मीच उठले. चहा दोघींचा केला. तिचा झाकून ठेवला, गेले. परत आले तर कप धुवून पालथा घातलेला.
हे सकाळीच म्हणाले, "तू ठरव. प्लास्टरचं बघू." बघू म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नाही, पण म्हणाले.
दोन वाजले. वर आले, मशिन लावलं. रश्मीची मेल वरच. 'आज तीनपर्यंत उत्तर हवे.' लिहायला घेतलं, खोडलं. परत घेतलं. काकूंचा नंबर कागदावर काढून ठेवलाय.
तेवढ्यात जिन्यावर पावलं. अव्वा. शिफ्टमध्ये ती कधी वर येत नाही, एवढ्या पायऱ्या तिला सोसत नाहीत. प्लास्टर नसलेल्या भिंतीला हात लावत आली, स्टुलावर बसली. दम लागलेला. खोली बघितली. समोरची भिंत बघितली, बराच वेळ. मग टेबलाखाली.
"ते पायाखाली काय हाय?"
"पेडल. दाबलं की डॉक्टर बोलतोय. सोडलं की गप्प."
"मग आता का गप्प बसवलाईस?"
माझा पाय पेडलपासून वरच होता. धरून ठेवलेला.
फोन वाजला. पुण्याचाच नंबर. मी अव्वाकडं बघितलं. ती स्टुलावरनं उठली नाही. "उचल की," म्हणाली, "मी हितंच हाय."