जिलेबीचा, कचोरीचा, पाण्याचा

इंदूर,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय देवू,

इकडे सगळ्यांचं खाणंपिणं, उठणंबसणं चालू आहे. तुझ्याकडेही पुण्यात तसंच असेल असं धरून चालते. थंडी सुरू झाली. माझा डावा गुडघा सकाळी कुरकुरतो, उन्हात बसलं की गप्प होतो. तुझे फोन येऊन गेले, सूनबाई दर वेळी दाखवते. मी उचलले नाहीत. फोनवर तोंडातून निघालं की निघालं. कागदावर निदान खोडता येतं.

आधी सिनेमे. पत्राची सुरुवात सिनेमांनी करायची ही आपली रीत, ती माझ्याकडून मोडायची नाही.

अनुष्काबरोबर भुताचा एक पाहिला. नात आता आठवीत आहे, पण घाबरते अजून. हिरॉइनचे केस विस्कटलेले आणि भुताचे अगदी विंचरून सरळ केलेले. पोरगी माझा दंड धरून बसली होती आणि मी विचार करत होते, एवढ्या मोठ्या हवेलीत झाडू कोण मारतं? निकाल: कचोरीचा.

दुसरा मारामारीचा. हिरो चालत येतो, चालत येतो, चालतच येतो. तेवढ्या वेळात माझी कणीक भिजवून, तिंबून, झाकून होते. बाजूचा एक जण शिट्ट्या मारत होता. मी म्हटलं, "भिया, जरा थांब, आधी त्याला पोचू तर दे." निकाल: पाण्याचा.

अनुष्काने विचारलं, आजी, हे कचोरीचा-पाण्याचा काय असतं? मग तिला सगळं सांगितलं. तू आणि मी चौदा-पंधरा वर्षांच्या, एका गल्लीत राहणाऱ्या. सिनेमा सुटला की वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. पोह्यांच्या दुकानापाशी पोचलो की तीन आकडे मोजून दोघींनी एकदम निकाल सांगायचा. चांगला असेल तर पोहे-जिलेबी, बरा असेल तर कचोरी, वाईट असेल तर नुसतं पाणी पिऊन घरी. आणि एकच नियम: कुणाच्या भिडेखातर खोटा निकाल द्यायचा नाही. पोरगी म्हणाली, "आजी, ये तो बढिया सिस्टम आहे!"

या महिन्यात एवढेच पाहिले.

नाही. एवढेच नाही. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी दोन वेळा पेन ठेवून उठले, चहा केला, तो प्यायला नाही.

दोन तारखेला आपल्या मराठी मंडळाने पुष्करच्या सिनेमाचा एक शो लावला होता, रविवारी सकाळी दहाला, मॉलमध्ये. इंदुरात मराठी सिनेमाला अशीच वेळ मिळते, लोक अंघोळ करतात त्या वेळेची. मी आठ दिवस आधीपासून सगळ्यांच्या मागे लागले होते. आमच्या देवूच्या पोराचा सिनेमा, माझ्या मांडीवर खेळलेल्या पोराचा. आमचे चौघे, शेजारच्या शालिनीकाकू, भजनाच्या बायका, मिळून अकरा जण नेले. महेश्वरी नेसले होते. मंडळाचे अशोकजी दारातच म्हणाले, "सुलोचनाताई, आज तुम्ही डायरेक्टरच्या मावशी!" मी हसले. माझा जयेश डाव्या हाताला बसला होता.

पहिली दहा मिनिटं मी सुखात होते. अंथरुणाला खिळलेला नवरा आणि त्याची बायको. म्हटलं, पोराने साधा विषय घेतला, छान. मग त्या बाईने देवघरातली घंटा उचलली आणि नवऱ्याच्या उशाशी ठेवली. काही लागलं तर वाजवा, म्हणाली.

देवू, ती घंटा माझ्या देवघरातली होती.

पुढचं मला पाहायला लागलंच नाही, मला ते पाठ होतं. ती साडी बदलते. नवऱ्याचा हात अंथरुणातून वर येतो, थरथरतो. ती पाहते, तोंड फिरवते, दाराला बाहेरून कडी घालते. आणि सिनेमाला जाते. तिकडे घंटा वाजत राहते. वाजते, वाजते, मग पडते. मागच्या रांगेतून कुणी बाई म्हणाली, "कैसी औरत है!" आणि अशोकजी, ज्यांच्याकडे मी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाते, ते हळूच बोलले, "बाई नाही ही, कसाई आहे."

जयेशने पडद्याकडे पाहायचं सोडलं होतं. तो माझ्याकडे पाहत होता.

बाहेर पडल्यावर अनुष्काने पोह्यांच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. "एक, दो, तीन! आजी, निकाल?" जयेशने गाडी पुढे काढली. तो निकाल अजून माझ्याकडेच आहे.

घरी आल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"आई, ती घंटा मी उचलली होती. बाबा गेले त्या दिवशी. पलंगाखाली गेली होती, मी वाकून काढली आणि देवघरात ठेवली. तुला विचारलंही होतं, घंटा इथे कशी. आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं.

"तू औषध आणायला गेली होतीस ना? तीन दुकानं फिरलीस ना?"

देवू, सात वर्षं होत आली, त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून जयेशने साधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही. त्याच्याकडे औषध असतं तर आई वेळेवर घरी आली असती, म्हणून. तो बिचारा अजून मला नमस्कार करतो.

मी म्हटलं, "बाबांनीच जा म्हणून सांगितलं होतं रे."

"बाबांना बोलता येत होतं का, आई?"

"बोट फिरवलं त्यांनी."

तो हसला. तसलं हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "सात साल तू मला औषधाच्या दुकानाची गोष्ट सांगितलीस. आज बोटाची सांगते आहेस. उद्या कोणती?"

तेव्हापासून माझ्याशी सरळ बोलत नाही. बायकोला, शिवांगीला, म्हणतो, आईला विचार डॉक्टरकडे कधी जायचं. मी समोर बसलेली असते. ह्यांचा फोटो बाहेरच्या खोलीतून काढून स्वतःच्या खोलीत नेला. सूनबाई बिचारी मधल्यामध्ये फिरते. तू तिला फोनवर म्हणालीस म्हणे, "नाव बदललंय, गाव बदललंय, कुणाला कळणार आहे?" खरं आहे. दुनियेला नाहीच कळलं. ज्या एकाला कळायला नको होतं, त्याला कळलं.

तुझ्यावर चिडायला बसले की आधी स्वतःचीच लाज वाटते. गेल्या वर्षी तू सांगितलं होतंस, पुष्करने माझ्या पत्रांचा गठ्ठा नेलाय, त्याला माझी सिनेमाची मतं फार आवडतात. मी किती फुगले! चौथीत शाळा सुटलेली बाई. भिंतीवरची सिनेमाची पोस्टरं वाचून हिंदी शिकले आणि तुझ्या पत्रांना उत्तरं लिहून लिहून मराठी. तिची पत्रं सिनेमावाला वाचतो! मी त्याला दोन किलो सेव आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण पाठवलं, ते पोचलं असेलच. एकदाही मनात आलं नाही की त्या गठ्ठ्यात नुसते सिनेमे नाहीत. चाळीस वर्षं मी तुला सगळं एकाच पाकिटात घालत आले. वर कचोरीचा-जिलेबीचा, आणि खाली जे कुणाला सांगता येत नाही ते.

तू ते पत्र त्याला देण्याआधी वाचलं नव्हतंस का? की वाचून दिलंस? याचं उत्तर मला नको आहे. दोन्हींतलं कुठलंही मला आवडणार नाही.

आता कामाचं लिहिते.

ते पत्र फेब्रुवारी २०१९ चं आहे. चौदावा दिवस झाल्यावर दुसऱ्या दिवशी लिहिलेलं, निळ्या शाईत, चार पानी. घंटेचं चौथ्या पानावर आहे. आणि तिसऱ्या पानावर बोटाचं आहे. तुला आठवत असेल, हे पोलोग्राउंडच्या कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर होते. शुक्रवारी सुटले की गल्लीच्या तोंडाशीच उभे राहून एक बोट वर करून गोल फिरवायचे, रीळ फिरवल्यासारखं. म्हणजे आज सिनेमा. जयेश छोटा होता, बोट दिसलं की शर्ट शोधत पळायचा. लकवा झाल्यावर ह्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा राहिला. त्या दिवशी मी पेपर धरून सिनेमाच्या जाहिराती दाखवत होते. ह्यांनी एका जाहिरातीकडे पाहिलं, डावं बोट वर केलं, गोल फिरवलं. मग माझ्याकडे केलं, मग दाराकडे. चौदा महिन्यांत मी घरातून फक्त दूध-भाजीला निघत होते, ते त्यांना दिसत होतं. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते चिडले. हे सगळं तिसऱ्या पानावर लिहिलंय, देवू. तिसरं पान उलटल्याशिवाय चौथं येत नाही. पुष्करने घंटा घेतली आणि बोट सोडलं. त्याला हात तेवढा पाहिजे होता. बोटाने बाई वाईट ठरली नसती.

तर ते पत्र मला पाहिजे. त्याचा फोटो नको, फोनवर तर नकोच, मूळ चार पानं, पाकिटासकट. रजिस्टर पोस्टाने पाठव, जयेशच्या नावाने. माझं आता तो खरं धरत नाही. पण मी ते लिहिलं तेव्हा सिनेमा नव्हता, भांडण नव्हतं, मला कुणापासून सुटायचं नव्हतं. शाई जुनी आहे, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. माझ्या बाजूने बोलणारं एवढं एकच उरलंय, आणि ते तुझ्या पोराच्या कपाटात आहे.

तुझ्या पोराने एका ठिकाणी मात्र माझ्यावर दया केली. त्याची बाई थिएटरात रडत बसते आणि इंटरव्हललाच पळत घरी निघते. मी रडले नाही, देवू. सिनेमा विनोदी होता. मी पोट धरून हसले. चौदा महिन्यांनी हसले. आणि पूर्ण पाहिला, शेवटच्या पाटीपर्यंत. कारण ह्यांचा-माझा ठराव होता, जो एकटा जाईल त्याने दुसऱ्याला सगळी गोष्ट सांगायची, शेवटासकट.

आणि हे मी त्या चार पानांतही लिहिलं नव्हतं. कडी काढून आत आले ती दारातूनच सुरू झाले. "अहो, ऐका, काय मजा आहे..." चपला काढता काढता सांगत होते. पिशवी खुंटीला लावली, माठातलं पाणी प्यायले, सांगत होते. ह्यांचं तोंड भिंतीकडे होतं, मला वाटलं ऐकताहेत. इंटरव्हलपर्यंतची गोष्ट माझी सांगून झाली होती. मग पाय लागून पलंगाखाली काहीतरी वाजलं.

घंटा त्यांनी वाजवली की हात लागून पडली, मला माहीत नाही. तुझ्या पोराला कसं माहीत?

हे पान जयेशला मी स्वतः सांगेन, पत्र आल्यावर. आधी त्याला बोट पाहू दे. तुझ्याकडे हे आलंय ते वाच आणि चुलीत घाल. पुण्यात चूल नसेल तर गॅसवर धर. कपाटात ठेवू नकोस.

आता राहिला निकाल. पुष्करने सूनबाईच्या फोनवर विचारलंय, मावशीला कसा वाटला? नियम तो नियम, भिडेखातर खोटं नाही आणि रागाखातरही नाही. सिनेमा चांगला आहे. त्या नटीने पदर सावरताना हात कसा केला, ते तर मलाही जमलं नसतं. शेवटी अकराच्या अकरा जण रडत होते. शालिनीकाकूंना तर उठवावं लागलं.

जिलेबीचा आहे तुझ्या पोराचा सिनेमा, देवू. त्याला सांग.

मी मात्र घरी येऊन पाणी प्यायले.

दर पत्रात मी लिहायचे, उत्तराची घाई नाही. या वेळी आहे. ती चार पानं आली तर पुन्हा लिहीन, सिनेमांचंच लिहीन. नाही आली तर हे शेवटचं समज.

तुझी होते ती,
सुलू