अठ्ठ्याहत्तरचा स्पीड

२ फेब्रुवारी, सकाळी ७
नवा संकल्प. रोज एक रेकॉर्ड पुसायची आणि रोज खरं लिहायचं. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहून तसाही फायदा नाही.
सध्या एकशे बेचाळीस रेकॉर्ड्स. प्लेयर चार स्पीडचा: सोळा, तेहेतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. पट्टा सैल झालाय, त्यामुळे मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांऐवजी एकतीसच पडतात आणि माझ्या आवडत्या गायिका थोड्या पुरुषी गातात. ही म्हणते, पट्टा बदला. मी म्हटलं, आवाजाला भारदस्तपणा येतो. हिने कपाळावर हात मारला. म्हणजे पटलं.

४ फेब्रुवारी
सासरे येऊन गेले. अठरा तारखेला त्यांना पंच्याऐंशी पूर्ण होतात. टॉवेलात गुंडाळून रेकॉर्ड आणली होती. सासूबाईंची! लग्नाच्या वर्षी हौसेने एक जुनी अंगाई गाऊन एका छोट्या कंपनीकडून छापून घेतलेली. अठ्ठ्याहत्तरची. उरलेली एकच प्रत. सासूबाई गेल्या तेव्हा ही तीन वर्षांची, आणि सासऱ्यांचा प्लेयर त्याच सुमारास मोडला. म्हणजे हिला आईचा आवाज आठवतच नाही. वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून ऐकायचा असं ठरलं. मी रेकॉर्ड्समधला जाणकार आहे हे सासरच्या मंडळींना मीच पटवून दिलेलं असल्यामुळे काम माझ्याकडे.
सासरे म्हणाले, दोन्ही बाजू जपा. दारात चपला घालताना परत तेच. वयामुळे होतं असं. वास्तविक घरगुती रेकॉर्डची मागची बाजू कोरीच असते. पण कशाला त्यांचं मन मोडा.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०
रेकॉर्ड पुसायला घेतली. धूळ फार चिवट. कपाटातलं स्पिरिट काढलं. कापूस काळाकुट्ट! इतकी घाण निघालेली बघून बरं वाटलं.

६.३५
ती घाण नव्हती.

६.५०
लावून पाहिली. नुसती खरखर. पत्रा घासल्यासारखी. उलटून बघायचीही हिंमत झाली नाही. तशीच टॉवेलात गुंडाळली आणि माळ्यावरच्या सुटकेसमध्ये टाकली.
हिने विचारलं, स्पिरिटचा वास कसला? गुडघा खरचटला म्हटलं. ही लगेच पट्टी घेऊन आली. माझा मीच लावतो म्हटलं. आता काही दिवस लंगडावं लागणार.

८ फेब्रुवारी, ऑफिस
विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासतो मी. आज एका गृहस्थाचा अर्ज: ओल्या फडक्याने पुसताना टीव्ही बिघडला. नेहमीचा शेरा मारला: निष्काळजीपणा, नामंजूर. मग त्या शेऱ्याकडे बराच वेळ बघत बसलो.
ऑफिसचं दार दुरुस्त करायला सुतार आला होता. सहज विचारलं, स्पिरिटने जुनी रेकॉर्ड पुसली तर काय होतं? तो हसायलाच लागला. जुन्या रेकॉर्ड लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच आम्ही पॉलिश करतो साहेब, म्हणाला. असलं कुठल्या गाढवाने केलं?
एका सहकाऱ्याने, म्हटलं.

१० फेब्रुवारी, सकाळी
आज कबुली. पक्कं.

१० फेब्रुवारी, दुपारी
चहा घेताना मी घसा खाकरला आणि हीच बोलायला लागली. म्हणाली, माझा आवाज आईसारखा आहे का, एवढंच मला ऐकायचंय. बावन्न वर्षं झाली, कोणाला विचारू? बाबांना विचारलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.
फार वाईट वाटलं. कबुली पुढे ढकलली, हिच्या भल्यासाठी.

११ फेब्रुवारी
मार्ग सापडला! जुन्या बाजारात एक छोटी रेकॉर्ड मिळाली. पंचेचाळीसची, तीच अंगाई, पण कुणा अनोळखी बाईंची. आवाज फारच कोवळा. घरी आणून तेहेतीसवर लावली तर बाई एकदम पोक्त झाल्या. सैल पट्ट्यामुळे आणखीच पोक्त. पट्टा बदलला नाही ही केवढी दूरदृष्टी!
ही फसवणूक नव्हे. पर्यायी व्यवस्था. रेकॉर्ड आकाराने लहान आहे, तेव्हा प्लेयर पडद्यामागे ठेवायचा. कोणी विचारलंच तर धुळीमुळे.
जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी
ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी गेल्यावर थांबली. डाव्या पायाने का लंगडताय, विचारलं. पट्टी उजव्या पायाला होती.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी
सगळं क्रमाने लिहितो.
मंडळी जमली. पडद्यामागे जाऊन मी अंगाई लावली. दोन ओळी झाल्या आणि हिने पदर तोंडाला लावला. माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, माझाच आवाज की हो. वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी.
सासरे शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, जावईबापू, आता मागची बाजू लावा. मी म्हटलं, या रेकॉर्डला मागची बाजू नाही. ते म्हणाले, आहे, तिथे ती हसते. आणि उठले. मला त्यांना अडवता आलं नाही, कारण मी लंगडत होतो.
पडदा बाजूला करून त्यांनी ती छोटी रेकॉर्ड पाहिली. मग मला पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.
मी सगळं सांगितलं. स्पिरिटपासून गुडघ्यापर्यंत. हिने डोळे पुसले, स्टूल आणलं, माळ्यावरची सुटकेस स्वतः उतरवली आणि रेकॉर्ड उलटी केली.
मागची बाजू कोरी नव्हती. तिला स्पिरिटचा थेंबही लागला नव्हता. बारा दिवस ती सुटकेसमध्ये धडधाकट होती आणि मी जुने बाजार पालथे घालत होतो.
अठ्ठ्याहत्तरचं बटण कुठलं, हिने विचारलं. मी दाखवायला हात पुढे केला. हिने पाहिलं. मी लांबूनच सांगितलं.
आधी थोडी खरखर. मग खुडबुड. सासरे म्हणाले, तो मी, माईकशी खेळत होतो. आणि मग एक तरुण बाई खळखळून हसते आणि म्हणते, अहो, त्याला हात लावू नका, बिघडवून ठेवाल!
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाणं सुरू झालं. सासरे रडले. ही रडली नाही, अगदी प्लेयरला कान लावून बसली. मी रडलो. गुडघा दुखतोय म्हणालो.

१९ फेब्रुवारी
ही बोलत नाही. रेकॉर्ड चार वेळा लागली. मी चारही वेळा दाराबाहेर उभा होतो.
पट्टा बदलला. हिने.

२० फेब्रुवारी
आज ही पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मी प्लेयरवरची धूळ पुसायला फडकं घेऊन नुसता वाकलो होतो. आतूनच म्हणाली, अहो, त्याला हात लावू नका, बिघडवून ठेवाल.
मी दचकून प्लेयरकडे पाहिलं. तो बंद होता.