ताण सोडायचा हाय

३ जानेवारी २००७, अकोला
नवीन वर्षाचा संकल्प एकच. गोल्फ शिकणे. मुदत एकवीस तारीख, रविवार.

झालं असं. माझ्या क्लासमध्ये (‘के. सर्स स्पोकन इंग्लिश अँड स्ट्रेस मॅनेजमेंट’) अनुप निंभोरकर नावाचा मुलगा येतो. वडील कालव्याचे मोठे साहेब. काल त्याला सोडायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, रविवारी मी अमरावतीला गोल्फ खेळायला जातो. मी म्हणालो, अरे वा सर, मीपण खेळतो. तोंडातून कसं निघालं कळलं नाही. बहुतेक आत्मविश्वास. ते म्हणाले, मग एकवीसला याच.

आता हे देवानेच जुळवलं म्हणायचं. मामांची, म्हणजे माझे सासरे पंजाबराव यांची, अकोटकडे संत्र्याची बाग आहे. विहिरीने यंदा दिवाळीतच तळ दाखवला. सगळा भरोसा कालव्याच्या पाण्यावर, आणि पाण्याची पाळी कुठल्या गावाला आधी लावायची ते निंभोरकर साहेबांच्या हातात. सकाळीच मामांचा फोन. जवाईबापू, तुमची वळख हाय तं साहेबाच्या कानावर घाला, संक्रांत झाली का ताण सोडायचा हाय, तवा पाणी पायजेच.

ताण सोडायचा! स्वतः एवढ्या अडचणीत, आणि मला धीर देतात. मन भरून आलं.

माझी बायको माया म्हणाली, अहो, तो ताण वेगळा. संत्र्याच्या झाडाचं पाणी डिसेंबरात मुद्दाम तोडतात, त्याला तहानेलं ठेवतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग वेळेवर पाणी दिलं, म्हणजे ताण सोडला, की झाड फुलून येतं. उशीर झाला तर झाडच जातं. असं बरंच काही सांगत होती. मी लाटणं धरून ग्रिप बघत होतो. तिचा विषय शेतीचा, माझा मनाचा.

५ जानेवारी
मुजम्मिलभाईच्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो. गोल्फची स्टिक आहे का विचारलं. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. शेवटी एक जुनी हॉकी स्टिक काढून दिली. म्हणे सर, लकडी लकडी में क्या फर्क, मारना तो बॉल को ही है. गोल्फचे बॉल मात्र अस्सल निघाले. कुणीतरी कधीकाळी मागवून नेलेच नव्हते. सगळा डबा घेतला. प्रत्येक बॉलवर निळ्या पेनने ‘के’ लिहिलं. टायगर वगैरे लोक असंच करत असणार.

८ जानेवारी
गच्चीवर सराव. पहिला शॉट शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला लागला. डायरेक्शन चूक असली तरी पॉवर आहे, हे सिद्ध झालं. शेजाऱ्यांना ते पटलं नाही.

टीव्हीवर गोल्फ बघून तंत्र शिकायचं ठरवलं होतं. लोडशेडिंग. लाइट आली तेव्हा मॅच संपून टायर्सची जाहिरात चालू होती.

रोज पहाटे उठणे. उद्यापासून.

१४ जानेवारी, संक्रांत, मामांच्या गावी
तिळगूळ, पुरणपोळी, जावयाचा मान. दुपारी बागेत सराव. ओळीत लावलेली झाडं, मधून सरळ वाट, अगदी गोल्फ कोर्सच म्हणायचा. फक्त पानं मलूल होती, काठाने वळलेली. जमीन भेगाळलेली, त्यामुळे बॉल कुठे जाऊन बसतील सांगता येत नव्हतं. बरेचसे झाडाखालच्या आळ्यांत गेले, पालापाचोळ्यात. शोधले नाहीत. प्रो लोक बॉल शोधत बसत नाहीत.

मामा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघत होते. एकदाच बोलले. जवाईबापू, झाड आता लई दिवस काढत नाई. एकवीसले तुमचं बोलणं झालं तं बरं, नाई तं मी टँकर सांगून ठेवला हाय. आंगावरचं सोनं मोडीन, पण झाड मरू देनार नाई. सासूबाई तिथेच होत्या. त्यांचा हात गळ्यातल्या सोन्याकडे गेला.

मी म्हणालो, मामा, ताण घेऊ नका, मी आहे ना. मामा म्हणाले, मी कायले ताण घेतो बापू, ताण झाडाले हाय.

गेल्या वर्षी याच गावात मी ‘ताणमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान दिलं होतं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर पहिल्या रांगेतले खुशालराव उठले आणि म्हणाले, सर, समदं बराबर हाय, पण हलक्या जमिनीत ताण किती दिवसाचा द्यावा? या लोकांना विषयच कळत नाही.

२० जानेवारी, रात्र
साहेबांचा निरोप, टी टाइम सकाळी साडेसहा. म्हणजे आधी चहा, मग खेळ. सुसंस्कृत पद्धत. पांढरी पँट इस्त्री करून ठेवली. माया तीन वेळा म्हणाली, पाण्याचं नक्की बोलाल ना? मी म्हणालो, असले विषय एकदम काढायचे नसतात. आधी रिलेशन, मग रिक्वेस्ट. हे मी क्लासमध्ये शिकवतो.

झोप येत नाही. मला ताण नाही, फक्त छातीत धडधड होते आहे.

२१ जानेवारी, अमरावती, दुपार
ऐतिहासिक दिवस.

पहाटेची एसटी, मग ऑटो. वाटेत दोन्ही बाजूंनी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, धूळ, एका विहिरीवर बायांची रांग. आणि क्लबचं गेट ओलांडलं की एकदम हिरवं. गालिचासारखं गवत, मध्ये मोठाले निंब, सावल्या, लांबवर छोटे छोटे झेंडे. फवारे चालू. एक तळं काठोकाठ भरलेलं, बगळेसुद्धा जाडजूड. मी बूट काढून आत जाणार होतो, वॉचमनने नको म्हटलं.

चहा नव्हता. टी म्हणजे बॉल ठेवायची खिळ्यासारखी काडी. ती मी बडीशेपेबरोबरची टूथपिक समजून खिशात टाकली होती. ते असो.

साहेबांनी विचारलं, हँडिकॅप किती? म्हटलं, काही नाही सर, देवाच्या कृपेने सगळं धडधाकट. साहेब प्रभावित झाले. म्हणाले, झिरो? बापरे, म्हणजे अगदी पट्टीचे खेळाडू.

साहेबांच्या स्टिकने मारलेला पहिला शॉट हवेत फिरला, बॉल तिथेच. याला प्रॅक्टिस स्विंग म्हणतात. दुसरा, तिसराही प्रॅक्टिस स्विंग. चौथ्याला गवताचं मोठं ढेकूळ उडालं आणि साहेबांच्या बुटावर पडलं. गुलफाम नावाचे साहेबांचे कॅडी, म्हणजे स्टिकांची बॅग सांभाळणारे, साठीचे गृहस्थ, अदबीने म्हणाले, सर, निंदण चल रहा है क्या? साहेब हसले. मीही हसलो. वातावरण खेळीमेळीचं होतं, फक्त माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

तळ्यापाशी माझे तीन बॉल पाण्यात गेले. चला, मामांच्या बागेआधी माझ्या बॉलांना पाणी मिळालं, असा एक चांगला विनोद सुचला. पण विषय निघेल म्हणून बोललो नाही. अजून रिलेशन पक्कं व्हायचं होतं.

मग निंबाच्या सावलीत थांबलो. गुलफामने पाण्याची बाटली काढली, आणि इथे खरा टर्निंग पॉइंट. साहेबांनी स्वतःहून आपुलकीने विचारलं, अनुप सांगत होता, तुमची सासुरवाडी अकोटकडची, संत्र्यावाली. काय, ताणावर आहे का सगळं अजून?

बघा. सगळ्या गावाच्या मनःस्थितीची चौकशी! अधिकारी असावा तर असा. मी म्हणालो, सर, ताण तर आहेच. पण मी म्हणतो, ताण वाईट नसतो. ताणातूनच माणूस फुलतो. साहेब खूश. म्हणाले, अगदी बरोबर, ताणाशिवाय बहारच नाही. आमच्याही घरी मोर्शीकडे संत्री आहेत. लोक उगीच घाई करतात सोडायची. तुमच्याकडे कधी सोडणार?

मी माझा सेमिनारमधला आवाज लावला. घाई नाही सर. ताण हळूहळू सोडायचा असतो. अजून महिनाभर आरामात काढू शकतो आपण.

साहेब म्हणाले, म्हणजे पाणी आता नको? नंतर चालेल?

गुलफाम बाटली घेऊन समोरच उभे. घसा कोरडा पडला होता, जीव बाटलीत अडकला होता. पण मी मॅनर्स शिकवतो. म्हणालो, छे छे सर, आधी तुमच्या माणसांचं होऊ द्या, मी नंतर. मला सवय आहे.

साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, असं मोकळेपणाने सांगणारा माणूस भेटत नाही हो, जो तो मलाच आधी द्या म्हणतो. तुमचं काम झालं समजा.

काम झालं! आणि मी शब्दही काढला नव्हता. याला म्हणतात नॉन-व्हर्बल कम्युनिकेशन.

एसटी स्टँडवरून मामांना फोन लावला. म्हटलं, काम फत्ते, टँकर कॅन्सल करा, सोनं ठेवा कपाटात. मामा म्हणाले, बापू, तुमी तं आमाले वाचवलं.

२५ जानेवारी
पाणी नाही. सरकारी काम आहे, चार दिवस लागणारच. उद्या तर झेंडावंदन.

२९ जानेवारी
मामांचा फोन. वरच्या गावाले पाणी गेलं म्हणते, आपल्याकडं काऊन नाई आलं? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. मामा म्हणाले, पानं गळून राहिले बापू. मी म्हणालो, पॉझिटिव्ह राहा. तिकडून फोन कट झाला. रेंज गेली असावी.

माया म्हणते, साहेबांना आजच भेटा. नक्की. आज अनुपला ग्रामरची टेस्ट आहे, बापाला त्रास देणं बरं दिसत नाही.

१ फेब्रुवारी
मामांचे सहा मिस्ड कॉल. मी क्लासमध्ये होतो. निदान असायला हवा होतो.

रोज पहाटे उठणे सुरू झालंय. न ठरवता. तीनलाच.

५ फेब्रुवारी
साहेब स्वतः क्लासवर आले. चेहरा प्रसन्न. म्हणाले, के. सर, तुमचे आभार मानायचे राहिले. तुमच्या गावाची बाग ताणावर आहे, महिनाभर पाणी नको, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून ती पाळी मी वरच्या गावच्या गव्हाला देऊ शकलो. तुम्हाला महिनाअखेरीस सोडतो, तुम्ही म्हणालात तसं.

मी खाली बसलो. साहेबांना वाटलं, मी त्यांना खुर्ची देण्यासाठी वाकलो.

बाटली. निंब. ताण. सगळं एकदम कळलं. मायाचं लाटण्याच्या दिवशीचं बोलणं शब्दान् शब्द आठवलं. तेव्हा ऐकलं नव्हतं, पण कानात राहिलं होतं.

बोलायला तोंड उघडलं. सर, एक छोटा गैरसमज, एवढंच म्हणायचं होतं. तेव्हा बोललो असतो तर निदान अर्धी पाळी वळवता आली असती कदाचित. पण मागे भिंतीवर माझाच बोर्ड होता, ‘स्ट्रेस मॅनेजमेंट: तज्ज्ञ मार्गदर्शन’. पोरं बघत होती. माझ्या तोंडातून निघालं, सर, तुमचा तो तळ्यापलीकडचा शॉट अजून डोळ्यांसमोर आहे.

साहेब म्हणाले, या परत एखाद्या रविवारी.

मायाला सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन. उद्या. किंवा रविवारी.

११ फेब्रुवारी, मामांच्या गावी
गावात माणसं पारावर जमलेली. सगळ्यांच्याच बागा. किसनराव म्हणून एक आहेत, ते उठून माझ्यासमोर आले. म्हणे, तुमी साहेबासंगं खेळाले गेलते, मंग पाणी वरच्या गावाले कसं गेलं? मी रुमाल काढला. घाम नव्हता, पण काहीतरी करायचं म्हणून पुसला.

मामा मध्ये पडले. म्हणाले, आमच्या जवायानं लई सांगतलं रे. साहेबच आयकला नाई. जवायाले कोनी काई बोलाचं नाई.

किती मोठं सर्टिफिकेट! सगळ्या गावासमोर. चालताना मी मामांना म्हटलं, थँक यू मामा, साहेब खरंच अवघड माणूस आहे. मामा चालत राहिले. बागेच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, कालव्याचा चौकीदार आला होता बापू, साहेबाकडूनच आयकून. साहेब काय म्हनाले अन् तुमी काय म्हनले, समदं सांगून गेला तो.

एवढंच. आवाजही चढवला नाही. फाटक उघडून आत गेले. मी बाहेर उभा. पायाखाली सगळी पिवळी पानं, वाजणारी. जेवायला ताटाभोवती रांगोळी होती, जावयाला असते तशी. मामा माझ्या पंगतीला बसले नाहीत. सासूबाईंच्या गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही नव्हतं. टँकर शेवटी आला होता, पण उशिरा.

माया परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हणालो, काहीतरी बोल. ती म्हणाली, तुम्ही बोला, तुमचाच तर क्लास आहे.

२७ फेब्रुवारी
पाणी आलं म्हणे. साहेब शब्दाला पक्के.

१५ नोव्हेंबर
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी बिझी होतो.

दरवर्षी दिवाळी झाली की मामांकडून एसटीने संत्र्याची पेटी येते. लग्न झाल्यापासून एकदाही चुकली नाही. माया त्यासाठी एक वेताची टोपली धुवून पुसून ठेवते. यंदाही ठेवली होती. मी म्हटलं नको, तरी ठेवली.

आज स्टँडवरून पार्सल आलं. पेटी नव्हती, पिशवी होती. जड. मला वाटलं, बघा, थोडीफार तरी लागली, मी उगीच मनाला लावून घेत होतो. मायाला हाक मारली. गाठ सोडली.

आत माझे गोल्फचे बॉल होते. प्रत्येकावर निळा ‘के’. कुणीतरी माती धुवून, पुसून, नीट भरले होते. पिशवी घेऊन आलेला कंडक्टर निरोप सांगून गेला, पंजाबरावनं म्हटलं, झाडं मुळासकट काढली, तवा आळ्यात सापडले, जवाईबापूचे हायेत, पोचते करजा.

एकेक बॉल उचलून मायाने टोपलीत ठेवला, संत्री ठेवते तसा.

संध्याकाळी सातला स्ट्रेस मॅनेजमेंटची नवी बॅच होती. मी गेलो नाही.