मेंढा देऊन मोकळा झालास

तकोवा, निसान महिन्याचा सातवा दिवस, अर्तहशश्त राजाचं आठवं वर्ष

चि. अदाया यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. जव कापणीला आलाय, करड्या शेळीला दोन पिल्लं झाली. तुझे भावोजी खोकतात, पण कुरकुर करण्याइतकी ताकद शाबूत आहे.

तुझी बायको अमात आणि तान्हा यमीन माझ्याकडे आहेत. तू घालवल्यावर ती माहेरी, मवाबच्या वाटेला लागली होती. अंगात ताप, म्हणून माझ्या दारात बसली. मला म्हणाली, "ताई, सहा वर्षं तुमच्या शब्बाथाला, विसाव्याच्या दिवशी, मी चूल पेटवली नाही. आणखी काय करायला हवं होतं?" मी तिला आत घेतलं.

तू मात्र वडीलधाऱ्यांच्या हातावर हात ठेवून बायको सोडायचं वचन दिलंस, दोषाबद्दल मेंढा अर्पण केलास आणि मोकळा झालास. पावसात कुडकुडत भरलेल्या त्या सभेत, परक्या बायका सोडायच्या का असं विचारल्यावर, सगळ्यांत मोठ्याने 'होय' म्हणे तूच ओरडलास. लाज कशी वाटली नाही रे? मवाबी माणूस मंडळीत नको, असं शास्त्री वाचून दाखवतात. परक्यावर माया करा, हेही त्याच शास्त्रात आहे. दावीद राजाची पणजी मवाबीच होती, ते बरं कुणाला आठवलं नाही!

माझंही ऐक. हिवाळ्यात परक्या बायकांची यादी करणारे वडीलधारे इथे आले. तुझ्या भावाची बायको कुठली, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी पटकन सांगून टाकलं, मवाबची. तुझ्यावर चिडते आहे, पण आधी तोंड मी उघडलं. घाबरले होते. पुढे आईबद्दल विचारतील म्हणून भावजयीला पुढे ढकललं. त्यांनी आईबद्दल विचारलंच नाही. त्यांना फक्त बायका हव्या होत्या, आया नव्हे.

पत्र लिहून देणारे बुवा हात थांबवून माझ्याकडे बघतायत. लिहा म्हटलं.

आपली आईही मवाबचीच. बाबांनी तिला यार्देन नदीपलीकडून आणलं आणि बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या आपल्या लोकांच्या यादीत तिचं नाव घुसवलं. मरताना तिने हे आपल्या दोघांना सांगितलं, तेव्हा तू तिचे पाय चेपत होतास. तिच्या हातच्या भाकरीवर वाढलास आणि अमातला अशुद्ध म्हणालास. मला तुझा संताप येतो, आणि माझा त्याहून जास्त.

भावोजींना परवा सगळं सांगितलं. आज सकाळी यमीनला मांडीवर घेऊन बसले होते.

वल्हांडण सणाच्या आत ये आणि बायकोमुलाला घेऊन जा. मंदिरातलं द्वारपालाचं काम गेलं तर जाऊ दे. इथे राखायला शेळ्या आहेत.

लोकर विकायला निघालेल्या माणसांबरोबर पत्र पाठवते आहे. तू राखतोस त्याच दारातून ते आत जातील. पत्रावर मातीचा शिक्का मारलेला नाही. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

मवाबी आईची थोरली लेक,
आणि तिच्याच धाकट्या लेकाची ताई,
हग्ला