निळा ठिपका

मंगळवार, ८ एप्रिल. रहिमतपूर.

आज शीतलच्या फोनचं लॉक मी काढून टाकलं. पोरगी आठवीत असताना ह्यांनी लावलेलं. नऊ वाजले की तिचा फोन बंद, आणि ती कुठं आहे ते ह्यांच्या फोनवर नकाशात निळ्या ठिपक्यानं दिसायचं. आता एकोणीस पूर्ण झाली, पुढच्या महिन्यात लग्न. म्हटलं, निदान महिनाभर तरी मोकळी राहू दे. ह्यांचा फोन घेतला, चुकत-माकत सगळं काढलं. ठिपका गेला. जिवाला बरं वाटलं.

दहा मिनिटं झाली नसतील, कराडवरनं होणाऱ्या जावयाचा फोन. "मामी, शीतल कुठं हाय? मला ठिपका दिसंना."

म्हणजे त्यांनाही दिसत होता? कधीपासून?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "सुपारी फुटली तवाच पासवर्ड दिलाय त्यास्नी. त्यात काय झालं? आता ती त्यांचीच की."

मी भांडले. लय बोलले. आवाज ऐकून शीतल बाहेर आली. चिडली नाही, रडली नाही. तिला माहीत होतं! मला एका शब्दानं बोलली नाही. का? बोलली असती तर मी तरी काय केलं असतं?

"आई, गप बस. उगं माझंच अवघड होतंय," म्हणाली आणि दोन्ही फोन घेऊन स्वतःच लॉक लावलं. बोट एकदाही अडलं नाही. ठिपका परत आमच्या घरावर येऊन बसला.

मोकळी होती ती तेवढी दहा मिनिटं. तेव्हा ती आत भाकरी थापत होती.