काजळी चालत आली

प्रिय ताई,

काजळी गेली. शर्यतीची इतकी कबुतरं पाळली बाबांनी, पण तिच्यासारखी मादी पुन्हा झाली नाही. शनिवारी मी खुराडं खरवडत होते, तेव्हा ती फाटकाखालून आत शिरली. चालत. तुझ्या नवऱ्याने तिचे पंख कापले होते. पाय सोलपटलेले, छातीवर मांजराने ओरबाडल्याचं रक्त वाळलेलं, तरी थेट आपल्या जुन्या खणापाशी जाऊन बसली.

बाबांचं पाठांतर तुला माहीतच आहे. गिऱ्हाईक आलं की सुरू! चांगल्या वाणाचा पक्षी हातात जड नाही, भरीव लागतो. छातीचं हाड खोल, डोळा चमकता, पिसं घट्ट. आणि वादळ येवो, ससाणा येवो, घर विसरत नाही ते खरं रक्त. म्हणून मोठा पक्षी विकत नेला तर जन्मभर कोंडून ठेवावा लागतो. नव्या घरी रुळतात ती फक्त त्याची पिल्लं. काजळीला नेताना भावोजींनी हे सगळं मान डोलावत ऐकलं. त्याच वर्षी तुलाही नेलं.

ती याआधी दोनदा उडून आली, तूही दोनदा आलीस. बाबांनी तिला टोपलीत घालून परत पाठवलं आणि तुला बसमध्ये बसवून. दिलेला पक्षी आपला नसतो म्हणे. तुझा काळानिळा दंड मी पाहत होते, ते खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांचा अजून राग आहे, उगाच गोड बोलणार नाही.

रविवारी तुझा नवरा टोपली घेऊन आला. बाबांनी काजळीला उचलून त्याच्या हातात दिलं. स्वतः! त्याने हसत हसत तिची मान पिरगळली आणि पायरीवर टाकली. म्हणाला, "पळून येणारीला हाच उपाय. तुमच्या थोरलीलाही सांगून ठेवलंय." बाबा खाली वाकले. मला वाटलं, काजळीला उचलतायत. उचललं ते माझं खरवडायचं लोखंडी फावडं. पहिला घाव त्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज कबुतरांच्या फडफडाटातही ऐकू आला. मग गुडघा, मग तोंड. तो फाटकापर्यंत सरपटत गेला, दात पायरीवरच राहिले. मी अडवलं नाही. शेजारच्या सुतारकाकांनी बाबांना कवेत धरलं नसतं, तर तो मेलाच असता.

पोलीस नेत होते तेव्हा बाबा रडत होते. एवढंच म्हणाले, "दोघींनाही मी माझ्याच हाताने दिलं गं."

आता नीट ऐक. तो हॉस्पिटलमध्ये आहे, पाय प्लास्टरमध्ये. आठवडाभर तरी घरी येणार नाही. हे पत्र सुतारकाकांच्या हाती देतेय, त्यांचा टेम्पो तुझ्या कोपऱ्यावर उभा आहे. भांडी, कपडे काही घेऊ नकोस, फक्त तुझ्या लेकीला, चिमणीला उचल. पिल्लं वाढतात तेच घर त्यांच्या डोक्यात बसतं, आणि ती अजून लहान आहे. टोपली मी जाळून टाकलीय. तू ये.

तुझीच,
फाटक उघडं ठेवून बसलेली धाकटी